वीजव्यवस्थेचे आधुनिकीकरण डीपीपाशी अडले आहे

भारताच्या वीजक्षेत्राविषयी बोलताना अलीकडे मोठे आकडे सहज ओठांवर येतात, आणि ते खरेही आहेत. स्वातंत्र्याच्या वेळी देशाची स्थापित क्षमता १,३६२ मेगावॅट होती. आज ती पाच लाख मेगावॅटच्या घरात आहे. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस, उन्हाळा ऐन भरात असताना, देशाने सुमारे अडीच लाख मेगावॅटची विक्रमी मागणी पुरी केली. २००५ नंतरची काही वर्षे ज्यांनी महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी तासन्‌तास भारनियमन सोसले आहे, त्यांना या आकड्यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. माझे शिक्षण विद्युत अभियांत्रिकीचे, सगळी नोकरी कारखान्यांच्या देखभाल विभागात झाली आणि गावाकडे थोडी बागायत आहे, त्यामुळे हा विषय कधी माझ्यापासून लांब राहिला नाही. इतक्या वर्षांनंतर माझे मत असे झाले आहे की या व्यवस्थेच्या वरच्या टोकाचे आधुनिकीकरण आपण उत्तम केले, खालचे टोक मात्र जवळपास होते तिथेच ठेवले; आणि वीजक्षेत्राचा पैसा बुडतो तो खालच्या टोकाला, माणसे दगावतात तीही तिथेच.

आधी वरच्या टोकाविषयी, कारण तिथे झालेले काम सामान्य वाचकापर्यंत फारसे पोहोचलेले नाही. मोठ्या प्रमाणावर वीज साठवण्याची सोय आजवर नव्हती, त्यामुळे ज्या क्षणी वीज वापरली जाते त्याच क्षणी ती निर्माण व्हावी लागते. हा मेळ बसला आहे की नाही हे एकच आकडा सांगतो, तो म्हणजे वारंवारता, विजेच्या प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तने. निर्मिती आणि मागणी समान असली की ती ५० हर्ट्झवर राहते, मागणी वाढली की उतरते, निर्मिती जास्त झाली की चढते. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ही वारंवारता ४८ हर्ट्झच्या आसपास घसरणे नित्याचे होते. राज्यांची वीज मंडळे आपल्या वाट्यापेक्षा जास्त वीज ग्रिडमधून, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामाईक जाळ्यातून, ओढत, केंद्राकडून पत्रे जात, बैठका होत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच चाले. कमी वारंवारतेवर मोटारी हळू फिरतात आणि तापतात, आणि वीजकेंद्रातील टर्बाइनच्या पात्यांना घातक कंपने सुरू होतात, म्हणजे जी यंत्रे जपायची तीच आपण झिजवत होतो.

यावर उपाय निघाला तो एका दरपत्रकाच्या रूपाने. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात उपलब्धतेवर आधारित दरपद्धती लागू झाली. प्रत्येक राज्याला आदल्या दिवशी पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांचे वेळापत्रक मिळू लागले आणि त्या वेळापत्रकापेक्षा जास्त किंवा कमी उचललेल्या विजेचा दर त्या वेळच्या वारंवारतेवर ठरू लागला. वारंवारता घसरलेली असताना जास्त वीज ओढणे महागात पडू लागले आणि वारंवारता चढलेली असताना ग्रिडमध्ये जास्त वीज ढकलणाऱ्याला तिचे मोल मिळेनासे झाले. वर्षानुवर्षांच्या पत्रव्यवहाराने जे साधले नव्हते ते या पद्धतीने थोड्या काळात साधले. यासाठी एकही नवे वीजकेंद्र बांधावे लागले नाही. लागले ते नेमके मोजमाप करणारे मीटर आणि त्या मोजमापाला जोडलेला पैसा. पुढे वितरणाविषयी मी जे म्हणणार आहे त्याचे मूळ या अनुभवात आहे.

त्याच सुमारास विभागीय ग्रिड एकमेकांना जोडले जात होते. २००३ मध्ये पश्चिम विभाग पूर्व आणि ईशान्येशी जोडला गेला, २००६ मध्ये उत्तर विभाग त्यांत आला आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिण विभागही एकाच वारंवारतेवर आला. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची जनित्रे एका तालात फिरतात. सोलापूरचे नाव या घटनेशी जोडलेले आहे, हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असते.

या जोडणीला धोक्याची बाजूही होती आणि ती ३० व ३१ जुलै २०१२ रोजी दिसली. बीना ते ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर त्या दिवसांत क्षमतेबाहेरचा भार होता, कारण शेजारचा दुवा श्रेणीवाढीच्या कामासाठी बंद ठेवलेला होता. वाहिनीत दोष असा काही नव्हताच. भार इतका वाढला की दोष दिसताच वाहिनी तोडणाऱ्या संरक्षक रिलेला तो दोष वाटला आणि त्याने वाहिनी तोडली. पहिल्या दिवशी उत्तर विभाग कोसळला, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही विभाग कोसळले आणि साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशात अंधार झाला. पश्चिम विभाग टिकला, म्हणून महाराष्ट्राला त्याची झळ फारशी लागली नाही. त्यानंतर रिलेंची मांडणी तपासली गेली, वेळापत्रकाबाहेर वीज ओढण्यावरचे नियम कडक झाले, ग्रिडच्या नाडीचे मोजमाप सेकंदाच्या भागात करणारी उपकरणे बसली. याचे फळ ५ एप्रिल २०२० च्या रात्री दिसले. देशभरातील घरांनी नऊ मिनिटे दिवे मालवले तेव्हा मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने खाली आली आणि मग तितक्याच वेगाने वर चढली. जलविद्युत केंद्रांनी आपली निर्मिती काही मिनिटांत सतरा हजार मेगावॅटहून अधिक उतरवली आणि पुन्हा चढवली, आणि ग्रिड स्थिर राहिला. नियंत्रण कक्षांत त्या रात्री बसलेल्या अभियंत्यांचे जेवढे कौतुक व्हायला हवे होते तेवढे झाले नाही असे मला मनापासून वाटते. मुंबईत त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला झालेल्या खंडिततेने उणिवा अजून आहेत हेही दाखवले. तरी एकूण वाटचाल योग्य दिशेने आहे.

आता याच व्यवस्थेचे दुसरे टोक पाहावे. शिवाराच्या कडेला दोन खांबांवर बसवलेले रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), ज्याला कागदोपत्री वितरण रोहित्र म्हणतात आणि गावात सगळे डीपी म्हणतात, ते जवळून पाहिले की आधुनिकीकरणाची गाडी कुठे थांबली हे कळते. आमच्या शिवारातली एक डीपी शंभर केव्हीए क्षमतेची आहे. तिच्यावर कागदावर पाच अश्वशक्तीचे वीसेक पंप आहेत आणि तेवढ्यासाठी ती जेमतेम पुरते. पण पाण्याची पातळी खाली गेली तशा विहिरींच्या जागी बोअर आल्या, पाच अश्वशक्तीच्या जागी साडेसात अश्वशक्तीच्या पाणबुडी मोटारी आल्या आणि मंजूर भाराचा कागद मात्र जुनाच राहिला. त्यातच तारेवर आकडे टाकणारे दोघे-तिघे असतात. भार वाढला की व्होल्टेज पडते. व्होल्टेज पडले की मोटार तेवढेच पाणी उचलण्यासाठी जास्त प्रवाह ओढते, जास्त प्रवाहाने व्होल्टेज आणखी पडते, आणि शेवटी कुणाच्या तरी मोटारीची वाइंडिंग जळते किंवा डीपीच जळते.

डीपीखालच्या पेटीला बहुधा दार नसते. आतल्या किटकॅट फ्यूजांचे चिनीमातीचे तुकडे फुटलेले असतात आणि फ्यूजच्या बारीक तारेच्या जागी ॲल्युमिनियमची जाड तार पिळून बसवलेली असते. फ्यूजचे कामच असे की भार वाढला की त्याने वितळावे आणि मागचे रोहित्र वाचवावे. जाड तार बसली की दोन-चार रुपयांच्या तारेऐवजी काही लाखांचे रोहित्र जळते. हे गावातल्या कुणालाही कळत नाही असे नाही, सगळ्यांना कळते. पण रात्री दोन वाजता पाणी चालू असताना फ्यूज गेला की जी तार हाताशी असते ती बसते. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडलेला असतो, त्यात पाणी आणि मीठ टाकणे कुणाच्याच कामाच्या यादीत नसते. खाली गवत वाढलेले असते आणि पावसाळ्यात त्याच गवतातून गुरे जातात.

यात ऑटो स्विच नावाच्या एका छोट्या उपकरणाने भर घातली आहे. वीज कधी येईल याचा भरवसा नसल्यामुळे शेतकरी मोटारीला ऑटो स्विच बसवतो, म्हणजे वीज आली की मोटार आपोआप सुरू होते आणि त्याला रात्री अंधारात विहिरीवर जावे लागत नाही. त्याच्या बाजूने हे पूर्णपणे समजण्यासारखे आहे, कारण त्या अंधारात साप असतो, विंचू असतो आणि जुन्नर, संगमनेरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याही असतो. पण मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते. वीज आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात आणि रोहित्राला एकदम तेवढा धक्का बसतो. कॅपॅसिटर बसवले तर हा ताण काहीसा हलका होतो, मात्र बसवलेले कॅपॅसिटर काही महिन्यांत सोडवून ठेवलेले आढळतात. पुरवठ्याची वेळ भरवशाची नसणे, त्यावर शेतकऱ्याने शोधलेला मार्ग आणि त्या मार्गामुळे पुरवठा आणखी बिघडणे हे चक्र कुणा एकाच्या दोषाने फिरत नाही.

तारांची लांबी हीही मोठी अडचण आहे. एका डीपीपासून ४४० व्होल्टच्या तारा एक-दोन किलोमीटर फिरवून पंपांपर्यंत नेलेल्या असतात. तेवढीच वीज ११,००० व्होल्टने नेली तर प्रवाह पंचवीस पटींनी कमी होतो, आणि तारेतील गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती त्याच तारेत सव्वासहाशे पटींनी कमी होते. महाराष्ट्रात २०१८ पासून उच्चदाब वितरण प्रणालीखाली एक-दोन शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र लहान रोहित्र देण्यात आले ते यासाठी. त्या रोहित्राशी दोघांचाच संबंध असल्याने आकडा टाकायला कुणी धजत नाही आणि जाड तारही कुणी घालत नाही, कारण जळले तर आपलेच जळणार असते. खर्च जास्त आहे हे खरे, पण तांत्रिकदृष्ट्या इतका निर्विवाद उपाय दुसरा नाही.

मात्र उपायांकडे वळण्याआधी हिशेबाविषयी बोलले पाहिजे, कारण माझ्या मते खरा जुनाटपणा लोखंड आणि तांब्यापेक्षा हिशेबात आहे. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत बहुतेक राज्यांनी शेतीपंपांचे मीटर बाजूला ठेवून अश्वशक्तीवर ठोक आकारणी सुरू केली. मीटर वाचणे खर्चाचे होते, पंप विखुरलेले होते, हरितक्रांतीसाठी पाणी उपसायचे होते. त्या काळात हा निर्णय व्यवहार्य वाटला असेल. त्याचा परिणाम असा झाला की शेतीला दिलेली वीज मोजण्याऐवजी अंदाजाने लिहिली जाऊ लागली. एकदा अंदाजाला मुभा मिळाली की गळती कुठेही झाली तरी ती शेतीच्या खात्यात टाकता येते. शहरातल्या कारखान्यातील चोरी, जुन्या तारांतील गळती, न वाचलेले मीटर हे सारे शेतकऱ्याच्या नावावर चढते, मग त्या नावावर अनुदान मागितले जाते आणि वर थकबाकीही दाखवली जाते. महाराष्ट्रात शेतीपंपांची थकबाकी ५० हजार कोटींच्या पुढे कधीच गेली आहे. त्यातली खरोखर वापरलेल्या विजेची किती आणि अंदाजाची किती, हे डीपीवर मीटर असल्याशिवाय कुणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना मोफत वीज देण्याच्या योजनेसाठी राज्य सरकारवर वर्षाला सुमारे १४,७६० कोटी रुपयांचा भार आहे. शेतकऱ्याला मदत देऊ नये असे मी म्हणत नाही. एवढी मोठी रक्कम मोजमापावर आधारलेली असावी, एवढे मात्र ठामपणे म्हणतो.

दिल्लीच्या किंवा मुंबईच्या बैठकांत आधुनिकीकरण म्हणजे काय समजले जात होते याचे आपल्या राज्यातले सर्वांत महागडे उदाहरण दाभोळचे आहे. १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या कंपनीशी करार केला, मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्यातील ७४० मेगावॅटची निर्मिती सुरू झाली आणि मे २००१ मध्ये ती बंद पडली. करारात क्षमतेचा आकार वीज घेतली नाही तरी द्यावा लागणारा होता आणि तो डॉलरशी जोडलेला होता. त्या करारातील दोषांवर माधव गोडबोले समितीने २००१ मध्ये सविस्तर लिहिले आहे, त्यात मी जात नाही. मला दिसते ती गोष्ट एवढीच की ज्या मंडळाला विकलेल्या विजेचे पैसे पुरते वसूल करता येत नव्हते त्याने जगातल्या महाग विजेपैकी एक विकत घेण्याची हमी दिली. निर्मिती वाढवली की वीजक्षेत्र सुधारेल, ही समजूत तिथे उघडी पडली.

त्यानंतर रचना बदलण्याचे पर्व आले. ओडिशाने १९९६ मध्ये सर्वांत आधी मंडळ विभागले आणि १९९९ मध्ये वितरण खासगी हातांत दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महाचक्रीवादळ आले, पुढे एक अमेरिकी कंपनी सोडून गेली, उरलेल्यांचे परवाने २०१५ मध्ये रद्द झाले आणि आता टाटांकडे तिथले वितरण आहे. दिल्लीने २००२ मध्ये खासगीकरण केले आणि पन्नास टक्क्यांहून अधिक असलेली हानी, म्हणजे पुरवलेल्या विजेपैकी गळती, चोरी आणि न झालेल्या वसुलीत जाणारा वाटा, एक आकडी झाली, तरी दर वेळेवर न वाढवल्याने हजारो कोटींची येणी साचली. आपल्याकडे ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. जानेवारी २००७ मध्ये भिवंडीचे वितरण फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवरला दिले गेले. यंत्रमागांच्या त्या गावात मीटर बदलले, रोहित्रे बदलली, हानी खूपच खाली आली आणि रोहित्रे जळण्याचे प्रमाणही उतरले. तोच नमुना औरंगाबाद, जळगाव आणि नागपूरला वापरला तेव्हा मात्र तिन्ही फ्रँचायझी मुदतीआधी संपुष्टात आल्या. मालकी सरकारी असावी की खासगी, या वादात माझे मन फारसे रमत नाही, कारण भिवंडीत जे यश मिळाले ते मीटर आणि रोहित्रावर पैसा खर्च केल्याने मिळाले, आणि तो खर्च सरकारी कंपनीलाही करता येतो.

केंद्राच्या योजनांचाही पाढा लांबलचक आहे. २००८ ची पुनर्रचित त्वरित ऊर्जाविकास योजना, वितरण कंपन्यांच्या कर्जाचा ७५ टक्के भार राज्यांनी उचलण्याची २०१५ ची उदय योजना, आणि २०२१ ची ३,०३,७५८ कोटी रुपयांची सुधारित वितरण योजना. देशाची तांत्रिक व वाणिज्यिक हानी आज १५-१६ टक्क्यांपर्यंत उतरली आहे आणि त्याचे काही श्रेय या योजनांना द्यायला हवे. सध्याच्या योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट आहे आणि सगळी चर्चा त्या मीटरभोवतीच फिरते आहे.

स्मार्ट मीटरचा मी विरोधक नाही. दिवसा सौर ऊर्जा मुबलक असते आणि सायंकाळी टंचाई. अशा काळात दिवसाच्या विजेचा दर कमी आणि सायंकाळच्या विजेचा जास्त ठेवायचा तर वेळेनुसार मोजणारा मीटर लागतोच. घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर सवलत देण्याची पद्धत महाराष्ट्रात २०२५ पासून सुरू झाली तीही या मीटरमुळेच. माझा आक्षेप क्रमाला आहे. घरगुती ग्राहक हा बहुतांशी आधीपासून मोजला जाणारा आणि बिल भरणारा ग्राहक आहे. त्याच्या दारात आधी जाऊन, तेही आगाऊ पैसे भरण्याच्या अटीसह, आपण त्याच्या मनात संशय निर्माण केला आणि २०२४ च्या जूनमध्ये राज्य सरकारला प्रीपेडचा आग्रह सोडावा लागला. हेच काम उपकेंद्रातील प्रत्येक ११ किलोव्होल्टच्या वाहिनीपासून सुरू झाले असते, मग प्रत्येक डीपीवर, मग सरकारी कार्यालये आणि पाणीपुरवठा योजनांवर, आणि शेवटी घरांवर आले असते, तर हानी नेमकी कुठे आहे हे आधी कळले असते आणि घरोघरी जाताना दाखवायला पुरावा असता. वाहिनी आणि रोहित्रांवरील मीटर योजनेत आहेत हे मला माहीत आहे. त्यांचे आकडे गावाला दिसत नाहीत ही माझी तक्रार आहे. आमच्या डीपीतून या महिन्यात किती युनिट गेले, त्यातले किती बिलात आले आणि बाकीचे कुठे गेले, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर दर महिन्याला लागले तर तारेवरचे चोरीचे आकडे काढण्याचे काम वीज कंपनीच्या भरारी पथकाआधी गाव स्वतःच करील. अक्षय प्रकाश योजनेच्या वेळी, २००५-०६ च्या सुमारास, सायंकाळी पंप बंद ठेवण्याची शिस्त गावांनी स्वतः पाळून दाखवली होती आणि बदल्यात घरांना दिवे मिळवले होते. गावाला विश्वासात घेतले की काय होते याचा दाखला त्यात आहे.

शेतीच्या विजेचा सर्वांत आशादायक मार्ग मला सौर कृषी वाहिनीचा वाटतो. गावठाणाची आणि शेतीची वाहिनी वेगळी करण्याचे काम आपल्याकडे बरेच झाले होते. गुजरातने ज्योतिग्राम योजनेत ते आणखी जोमाने केले. वाहिनी वेगळी झाली की तिच्या उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारून ती पूर्ण वाहिनी दिवसा चालवता येते. २०१७ मध्ये राळेगणसिद्धीपासून या कल्पनेला सुरुवात झाली आणि २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा मोठ्या प्रमाणावर हाती घेतला गेला, ज्याचे उद्दिष्ट १६,००० मेगावॅटपर्यंत नेले आहे. ही वीज युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास पडते, म्हणजे सरासरी वीजखरेदीच्या दरापेक्षा बरीच स्वस्त. जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते. वीज जिथे लागते तिथेच तयार होत असल्यामुळे चंद्रपूर किंवा कोराडीपासून शेकडो किलोमीटर वाहून आणण्यातली गळती वाचते आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकाचे व्होल्टेज सुधारते. शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट म्हणजे रात्रीचे पाणी भरणे संपते. रात्रीच्या पाळीत गेलेला मुलगा सकाळी घरी परत येईपर्यंत ज्या घरात कुणाचा डोळा लागत नाही, त्या घराला दिवसाच्या विजेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. भूजलाची चिंता मला आहे. स्वस्त, भरवशाची आणि मोफत वीज दिवसभर मिळू लागली की उपसा वाढेल. म्हणून सौर वाहिनीसोबत ठिबक आणि डीपीवरचा मीटर या दोन अटी तरी असाव्यात असे माझे मत आहे.

जुन्या औष्णिक केंद्रांविषयी थोडक्यात सांगतो. नाशिकजवळच्या एकलहऱ्यासारख्या केंद्रांतील २१० मेगावॅटचे संच चाळीस वर्षांहून जुने आहेत, कोराडीला जुन्या संचांच्या सावलीत ६६० मेगावॅटचे नवे संच आले, परळीला २०१५ मध्ये खडका बंधाऱ्यात पाणी नाही म्हणून अख्खे केंद्र बंद ठेवावे लागले. पुढच्या काळात या केंद्रांचे काम बदलणार आहे. दुपारी सौर वीज भरपूर असताना त्यांना क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे ४० टक्क्यांपर्यंत उतरावे लागेल, सायंकाळी पुन्हा चढावे लागेल, आणि अशा चढउताराने बॉयलरच्या नळ्यांवर जो ताण येतो त्याची किंमत दरात धरावी लागेल. महाराष्ट्राकडे कोयनेचे १,९६० मेगावॅट आहेत, जे मिनिटांत चालू-बंद होतात. पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाची ६७.५ टीएमसीची मर्यादा असल्यामुळे त्या पाण्याचा प्रत्येक थेंब सायंकाळच्या टंचाईच्या तासांसाठी राखून ठेवण्यात खरा फायदा आहे. २००८ पासून चालणाऱ्या घाटघरच्या २५० मेगावॅटच्या केंद्रात वीज मुबलक असताना खालचे पाणी टंचाईच्या वेळेसाठी पुन्हा वर चढवले जाते. सह्याद्रीत अशा जागा आणखी आहेत आणि तिथे काम व्हायला हवे.

पण पुन्हा खांबापाशी यावे लागते, कारण वर सांगितलेल्या प्रत्येक सुधारणेचा शेवट कुठल्या तरी वायरमनच्या हातात आहे. एकेका वायरमनकडे पाच-सहा गावे असतात, वादळाच्या रात्री त्याचा फोन सतत वाजत असतो, आणि तो पोहोचेपर्यंत गावातला झिरो वायरमन खांबावर चढलेला असतो. झिरो वायरमनला नेमणूक नाही, विमा नाही, हातमोजे नाहीत. उपकेंद्रात फोन करून लाइन बंद करून घेण्याचा अधिकारही नाही. दरवर्षी अशी मुले मरतात आणि बातमी जिल्हा पानावर चार ओळींत येते. त्यातल्या अनेकांना आयटीआयचे शिक्षण आहे. त्यांना प्रशिक्षण देऊन, विमा आणि वेतन देऊन व्यवस्थेत घेतले, तर निम्म्या डीपींची देखभाल उद्यापासून सुरू होऊ शकते, आणि रोहित्रे कमी जळल्याने वाचलेल्या पैशांतून त्या वेतनाचा मोठा भाग निघेल.

सौर वाहिन्यांमुळे हे काम अधिक निकडीचे झाले आहे. पावसाळ्यात उघडीप पडली की ऊन असते आणि पंप बंद असतात. तेव्हा गावाजवळच्या प्रकल्पातील वीज शेताकडे न जाता उपकेंद्राच्या दिशेने उलट वाहते. आजवर आपली ग्रामीण उपकेंद्रे वीज वरून खालीच येणार असे धरून बांधली गेली. रिलेंची मांडणी, व्होल्टेजचे नियमन, दुरुस्तीची परवानगी देण्याची पद्धत हे सगळे त्या गृहीतकावर आहे. ग्रिडची वीज गेली की सौर वीज ग्रिडला जोडणारे प्रकल्पाचे इन्व्हर्टर काही क्षणांत बंद पडतील अशीच त्यांची रचना असते, परंतु माणसाचा जीव एका उपकरणाच्या भरवशावर ठेवता येत नाही. म्हणून माझी मागणी अशी आहे की ज्या उपकेंद्राला सौर प्रकल्प जोडायचा तिथले रिले आधी तपासले जावेत, ऑपरेटर आणि वायरमन यांचे प्रशिक्षण प्रकल्पाच्या उद्घाटनाआधी पुरे व्हावे, आणि लाइन बंद केल्यावर कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग केल्याखेरीज कुणीही खांबावर चढायचे नाही हा नियम प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर मराठीत लिहिलेला असावा.